कुमुदकाकूंचा वूफर

कुमुदकाकू दार उघडून कधी "या" म्हणत नसत. "काय?" म्हणत.

कसबा पेठेतल्या त्या बिल्डिंगमध्ये मी भाड्याने राहायला आले, त्या संध्याकाळी विरजण मागायला खाली त्यांच्या दारात गेले. काकू आल्या. बुटक्या, गोल, हातात उलथनं. "काय?" मी म्हटलं, "काकू, मी वरच्या मजल्यावर नवीन आले. थोडं विरजण मिळेल काय?"

"कुठची?"

"अकोल्याची."

"तरीच. दुपारपासून डोक्यावर चपला वाजतायत. घरात चपला काढायच्या असतात. थांब, देते. वाटी उद्या धुऊन आण." आणि दार बंद. बापा! आमच्याकडे कुणी विरजण मागायला गेलं तर चहा पिऊन, पापड खाऊन, झालंच तर जेवून परततं. मी जिन्यात वाटी धरून उभी. आईला फोनवर म्हटलं, "आई, इथलं दही लागायच्या आधीच आंबट आहे."

दुसऱ्या दिवशी वाटी चकचकीत घासून परत नेली. काकूंनी ती उजेडात धरून आत पाहिलं. "रिकामी?" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाल्या ना, धुऊन आण." "धुऊन आण म्हटलं होतं. रिकामी आण असं नव्हते म्हणाले." असं म्हणून त्याच वाटीत त्यांनी कढईतला मसालेभात चेपून भरला, वर खोबरं पेरलं आणि माझ्या हातात दिली. तेव्हापासून ती वाटी आमच्या दोघींच्या घरात जात-येत राहिली आणि माझं नाव 'अकोला' पडलं. चांगलं वैशाली नाव आहे माझं, पण काकूंनी ते कधी वापरलं असेल तर शपथ.

त्यांचा एक ठेका होता, "पुढचं बोल." तुम्ही लांबण लावली, कारणं द्यायला लागलात, डोळ्यांत पाणी आणलंत, की उलथनं हवेत फिरायचं आणि हुकूम सुटायचा, "पुढचं बोल." माझं लग्न मोडलं तेव्हा मी त्यांच्या ओट्यापाशी बसून हुंदके देत होते. काकू आळूवड्या तळत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मुलगा गेला. पुढचं बोल. वडी कुरकुरीत हवी की मऊ?" मला रडता रडता हसूच फुटलं. कुरकुरीत म्हटलं.

काकू ऑर्डरी घ्यायच्या. मसालेभात, पुरीभाजी, आळूवड्या. बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, जे असेल ते. एकदा रिक्षावाल्याने खड्ड्यात रिक्षा घातली आणि आमटीचं अख्खं पातेलं रस्त्यावर गेलं. काकू रिक्षावाल्याला एक शब्दही बोलल्या नाहीत म्हणे, त्यांनी सरळ गाडी चालवायच्या क्लासला नाव घातलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी! मग एक छोटी लाल गाडी घेतली, तिसऱ्या का चौथ्या हातची. सीटवर उशी ठेवायच्या, तिच्यावर बसायच्या आणि गल्लीच्या बरोबर मधून गाडी काढायच्या. कुणी हॉर्न वाजवला की काच खाली करून विचारायच्या, "घाई तुम्हाला आहे, मग आवाज मी का ऐकू?"

त्या गाडीची डिकी म्हणजे सोवळं. तिथे पातेलं, हॉट केस, पुऱ्यांची परात आणि तेलाचा डबा यांच्याशिवाय कशालाही प्रवेश नव्हता. एकदा ऑफिसला जाताना मी लॅपटॉपची बॅग ठेवायला गेले तर हातावर फटका बसला. "डिकी नाही ती, माझा ओटा आहे. ओट्यावर दप्तर ठेवतेस का?"

आवाजाशी तर काकूंचं हाडवैर. बिल्डिंगच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'येथे हॉर्न वाजवल्यास आत कोणीही लवकर येणार नाही.' गणपतीत गल्लीत स्पीकरची भिंत आली की काकू उलथनं घेऊन खाली उतरायच्या आणि पोरांच्या घोळक्यातून थेट जनरेटरपर्यंत जायच्या. एका वर्षी त्यांनी खरंच वायर उपटली होती. मंडळाची ढाण्या पोरं, पण काकू दिसल्या की आवाजाचं बटण आपोआप डावीकडे वळायचं.

अशा बाईने गाडीत सबवूफर बसवला. ते नानांमुळे.

नाना त्यांचे मिस्टर. उंच, किडकिडीत, सरकारी नोकरीतून निवृत्त. पण नोकरी ही त्यांची अडचण होती, काम होतं पखवाज. जवळच्या मारुतीच्या देवळात भजनी मंडळ होतं. दर गुरुवारी नाना तिथे पखवाजावर. पखवाज ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना माहीत असेल, त्याच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात. तिच्यामुळेच तो भरीव, खालचा आवाज निघतो. कणीक कमी पडली तर डावं नुसतं बोंबलतं, जास्त झाली तर मुकं होतं. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी ताजी. ही कणीक भिजवायचं काम लग्न झाल्यापासून काकूंकडे. कानाच्या पाळीइतकी मऊ, असं नानांचं माप होतं. "मला हुंडा नको म्हणाले," काकू सांगायच्या, "आणि जन्मभर कणकेला लावलं."

पुढे नानांचे कान गेले. हळूहळू गेले. आधी दाराची घंटा, मग कुकरची शिट्टी, मग काकूंचा आवाज. काकूंचा आवाज ऐकू येत नाही म्हणजे बघा! यंत्र आणलं, चांगलं आणलं. नानांनी चार दिवस लावलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. म्हणाले, "यातून पखवाज पत्र्यासारखा वाजतो. नको." मग एका गुरुवारी भजनात त्यांची सम चुकली. कुणी काही बोललं नाही. तेच त्यांना लागलं. घरी आले, पखवाजाला गवसणी घातली आणि कपाटावर ठेवून दिला. त्यानंतर देवळात जाणं थांबलं, मग जिना उतरणं थांबलं, मग बोलणंही थांबलं. खिडकीपाशी खुर्चीत बसायचे. जेवायला हात लावून उठवावं लागायचं.

काकूंनी मात्र गुरुवारची कणीक सोडली नाही. संध्याकाळी सवयीने एक छोटा गोळा भिजवायच्या, मऊ. ताटलीखाली झाकून ठेवायच्या. मग रात्री तीच पोळीत घालायच्या. मी एकदा पाहिलं. काकू म्हणाल्या, "माणूस माझ्या डोळ्यांदेखत फर्निचर होतोय, अकोला." आणि पहिल्यांदाच "पुढचं बोल" म्हणाल्या नाहीत.

मग गणपती आले. आगमनाची संध्याकाळ. आमच्या खिडकीखाली स्पीकरची भिंत येऊन थांबली आणि माझ्या फळीवरचे कप नाचायला लागले. मी गॅलरीत धावले, कारण आता काकू उतरणार आणि मजा होणार हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. उतरल्याच. उलथनं पुढे, पोरं बाजूला. जनरेटरपाशी पोचल्या आणि सवयीने एकदा वर पाहिलं, आपल्या गॅलरीकडे. तिथे नाना उभे होते. स्वतः उठून आलेले. दोन्ही तळहात लोखंडी कठड्यावर टेकवलेले, मान किंचित खाली. आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं कठड्यावर हलत होती. त्या भिकार गाण्याच्या धडधडीवर नाना ठेका धरत होते.

मंडळाचा अध्यक्ष हात जोडून म्हणाला, "काकू, करतो, कमी करतो!"

काकू वर बघतच म्हणाल्या, "वाढव."

"काय?"

"बहिरा आहेस का? वाढव म्हटलं. तो खालचा आवाज असतो ना, पोटात लागणारा, तो वाढव."

त्या पोराचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. गल्लीतल्या लोकांना वाटलं, काकूंना भोवळ आली. दोघीतिघी पाणी घेऊन धावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी माझं दार वाजलं. काकू. मी मुद्दाम म्हटलं, "काय?" त्यांनी दुर्लक्ष केलं. "अकोला, तो पोटातला आवाज कशातून येतो?" मी म्हटलं, "वूफरमधून." "तो मला हवा. गाडीत." "घरात नको?" "घरात लावला तर बिल्डिंगमधून तक्रार येईल." "तक्रार तर तुम्हीच करता!" "म्हणूनच. मला मी माहीत आहे." मग अटी सांगितल्या. एक, डिकीला हात लावायचा नाही. दोन, पैसे कानाच्या यंत्रावर घालून झालेत, आता उधळपट्टी नाही. तीन, नानांना आधी सांगायचं नाही. लागला तर लागला, नाही तर उगाच त्यांना आशा नको. तिसरं सांगताना त्यांचं उलथनं जरा खाली आलं होतं.

माझं ऑफिस हडपसरला. तिथे रोजच्या वाटेवर विकीचं कार डेकोरचं दुकान होतं. विकी मूळचा तिथलाच, शेत गेलं तसं दुकान आलं. गळ्यात साखळी, गॉगल कपाळावर आणि तोंडाची टकळी अखंड. शनिवारी काकूंना घेऊन गेले. विकीने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डिकीवर थाप मारली. "काकू, टेन्शनच न्हाय. हितं मोठा बॉक्स टाकू. अख्खी डिकी भरून! सिग्नलला थांबला ना, बाजूच्या गाडीचा आरसा हलला पायजे."

"आणि पातेलं?"

"कसलं पातेलं?"

"मसालेभाताचं. ते काय तुझ्या डोक्यावर ठेवू?"

विकीने गॉगल काढला. "मग स्टेपनीच्या खड्ड्यात बसवू. वरून फळी. स्टेपनी घरी ठेवायची."

"आणि पंक्चर झाली की तुझ्या आवाजावर चालवू?"

"काकू, मग जागाच न्हाय हाय!"

काकूंनी गाडीचं पुढचं डावं दार उघडलं, वाकल्या आणि सीटखाली बोट दाखवलं. "इथे काय आहे?"

"हितं काय न्हाय. धूळ हाय."

"मग इथे लाव. डिकीत लावून मी पातेल्याला गाणं ऐकवू का? ज्याला ऐकायचंय तो इथे बसणार. त्याच्या बुडाखाली लाव."

विकी हसायला लागला, मग हसता हसता थांबला. सीटखाली बसणारे चपटे वूफर मिळतात, तो म्हणाला, पण नवीन घ्याल तर काकू, तुमी मलाच फटकावाल. त्यापेक्षा एका गिऱ्हाइकाचा काढलेला स्पीकर पडलाय, अॅम्प्लिफायरही जुना हाय, फक्त चपटा बॉक्स बनवावा लागंल. माप घेतो. तो टेप आणायला आत गेला तोवर काकूंनी पिशवीतून पोळ्यांचा डबा काढला आणि सीटखाली सरकवला. नीट गेला. मग बाहेर काढून विकीच्या हातात दिला. "एवढा. ह्याच्यापेक्षा उंच केलास तर सीट अडेल. डबा धुऊन परत दे." प्लायवूडसुद्धा काकूंनीच दिलं, स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्रॉलीचं. विकी डबा छातीशी धरून उभा. मी हळूच त्याच्या कानात सांगितलं, "रिकामा नको देऊ. काहीतरी घाल." पुढच्या आठवड्यात डबा परत आला तेव्हा त्यात त्याच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी होती. काकू म्हणाल्या, "पोरगं वाईट नाही."

गाणं कुठलं लावायचं हा प्रश्नच नव्हता. भजनी मंडळातल्या कुणीतरी फार पूर्वी एका गुरुवारचं भजन कॅसेटवर टिपलं होतं, नाना ऐन भरात होते तेव्हाचं. ती कॅसेट मी पेन ड्राइव्हवर करून आणली. माझं कर्तृत्व तेवढंच.

बॉक्स तयार झाला त्या रविवारी हडपसरलाच एका डोहाळजेवणाची ऑर्डर होती. काकूंनी नानांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आज पातेलं धरायला माणूस नाही!" नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी चांगली धडधाकट उभी. काकू म्हणाल्या, "हिच्या हाताला लागलंय!" मी झटकन हात मागे घेतला. नाना उठले, सदरा घातला आणि कितीतरी महिन्यांनी जिना उतरले. एक-एक पायरी, भिंतीला हात लावत. काकू पुढे चालत होत्या, मागे वळून बघत नव्हत्या. त्यांच्या मानेवर काटा आलेला मला दिसत होता.

विकीच्या दुकानासमोर गाडी लागली. नाना पुढच्या सीटवर, काकूंनी सांगितल्याप्रमाणे. विकीने बॉक्स सीटखाली सरकवला, वायरी जोडल्या आणि आधी आपल्या आवडीचं गाणं लावलं. धाड धाड धाड! आरसा हलला, नंबर प्लेट खडखडली, डिकीतल्या परातीने साथ धरली. नानांचा चेहरा कोरा. काकू म्हणाल्या, "ते बंद कर आणि भजन लाव."

भजन लागलं. टाळ, पेटी आणि खालून पखवाज. पण पखवाज कसला, सीटखाली कुणी उशी बडवतंय असा नुसता ढब ढब. नानांनी एकदा खाली पाहिलं. बुडाखाली काहीतरी होतंय एवढं त्यांना कळलं असावं. मग त्यांनी मान फिरवली आणि काचेतून रस्त्याकडे बघत बसले, घरी बसायचे तसे. काकू दाराला धरून उभ्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला इतकं वाईट वाटलं! वाटलं, मीच सांगायला हवं होतं, काकू, असल्या डब्यातून माणूस परत येत नसतो.

विकी म्हणाला, "सेटिंग करू, सेटिंग करू," आणि बॉक्स बाहेर काढून, वायरी तशाच ठेवून, स्टुलावर ठेवला. जाळी काढली. आतला काळा कागदी स्पीकर उघडा पडला. तो भजनाबरोबर थरथरत होता. विकी बटणं फिरवायला लागला. ढब ढबचं ढुब ढुब झालं, एवढंच.

काकू त्या काळ्या गोल तोंडाकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "डावं बोंबलतंय."

"काय?" विकी म्हणाला.

काकू गेल्या त्या थेट डिकीपाशी. झाकण वर, डबा उघड, आणि परत आल्या त्या मूठभर कणीक घेऊन. आम्हाला कळेपर्यंत त्यांनी तो गोळा स्पीकरच्या बरोबर मध्यावर थापटला होता. थाप्प!

"काकू काकू काकू काकू!" विकी किंचाळला. "अवं कागद फाटंल! अवं वॉरंटी! ही काय पुरी हाय का!" समोरचा चहावाला किटली घेऊन धावत आला. गॅरेजमधली दोन माणसं गाडीखालून बाहेर आली. मी तोंडावर हात ठेवून हसत होते, खोटं का सांगू, मला हसू आवरेना. आणि काकू विकीवर खेकसत होत्या, "तू गप रे, मी संसारात दुसरं काय केलंय? डाव्या तोंडाला कणीक लागते म्हणजे लागते!" आणि तो बिचारा स्पीकर एवढा मोठा गोळा पोटावर घेऊन कण्हत होता.

तेवढ्यात गाडीचं दार धाडकन उघडलं.

नाना बाहेर आले होते. तरातरा स्टुलापाशी आले, वाकले, त्या गोळ्याला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि सरळ झाले. रागाने त्यांचे कान लाल झाले होते.

"अगं ए!" नाना ओरडले. "ही पुरीची कणीक आहे!"

नानांचा आवाज मी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ऐकला. मोठा, खणखणीत, थोडा गंजलेला.

"इतकी घट्ट! कुणी लावतं का अशी? इतकी वर्षं झाली, एवढं कळू नये? पाणी आण!"

काकू पाणी आणायला पळाल्या. कुमुदकाकूंना पळताना हडपसरमध्ये तरी कुणी पाहिलं नव्हतं, पेठेतही नाही. चहावाल्याची पाण्याची बरणी त्यांनी विचारल्याशिवाय उचलली. नानांनी स्टुलापुढे बैठक मारली, नखाने हळूच, कागदाला न दुखवता सगळी कणीक खरवडून काढली, तळहातावर पाणी घेऊन मळायला लागले. मळत होते आणि पुटपुटत होते. "तेल घातलंय. मोहन घातलंय हिने. अरे देवा." मग आपल्याच कानाची पाळी चिमटीत धरून पाहिली, मग कणीक. पुन्हा थोडं पाणी. शेवटी एक लहानशी, पातळ चकती करून मध्यावर लावली, बोटांनी कडा बसवल्या. एक तळहात बॉक्सवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने विकीला खूण केली, लाव.

विकीने लावलं. नानांनी मान हलवली, चिमूटभर कणीक काढली. पुन्हा लाव. कडेला जराशी चिकटवली. पुन्हा. विकी मुकाट बटण दाबत होता. आणि मग, मला त्यातलं काही कळत नाही, मी साधी कॉम्प्युटरवाली बाई, पण मलासुद्धा कळलं. ढब ढब गेला. त्याच्या जागी एक भरलेला, गोल आवाज आला आणि तो खालून पायांतून वर चढला. नानांची बोटं प्लायवूडवर चालायला लागली. आधी एक हात, मग दोन्ही. कॅसेटमधला नाना आणि स्टुलापुढचा नाना एकत्र वाजवत होते. समेवर दोघे बरोबर आले. नाना मोठ्याने हसले.

काकूंनी पदराने डोळे पुसले. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. "पीठ उडालं डोळ्यांत," म्हणाल्या. मी म्हटलं, "पुढचं बोला." उलथनं गाडीत होतं म्हणून वाचले.

बॉक्स सीटखाली बसला, डिकी जशीच्या तशी राहिली, नंबर प्लेटखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून तिची खडखड बंद केली. निघताना विकीने नानांच्या पाया पडून काकूंना बजावलं, "ही कणीक वाळंल बरं का. वाळली की काढावी लागंल, न्हाय तर स्पीकरचा कागद जाईल." तो धोक्याची सूचना देत होता. काकूंचा चेहरा मात्र उजळला. "रोज?" त्यांनी विचारलं. "रोजच्या रोज?" विकी म्हणाला, "हा, वाजवायचं आसंल तर रोजच." डोहाळजेवणाला आम्ही उशिरा पोचलो. पुऱ्या अप्रतिम फुगल्या.

आता रोज ताजी कणीक लावायची तर रोज जिना उतरायला हवा. काकूंनी स्वच्छ सांगून टाकलं, "मला ते जमत नाही. मी लावली की घट्टच होते." झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी, अंघोळ झाली की, नाना छोट्या वाटीत मऊ कणीक घेऊन खाली उतरायला लागले. ती वाटी माझ्या ओळखीची होती. खाली उतरले की पेपरवाला भेटायचा, वॉचमन भेटायचा. वॉचमनला नाना कणकेचं शास्त्र समजावून सांगायचे, मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मग काकूंच्या शेजारी बसून ऑर्डरीला जायचे. एका गुरुवारी मारुतीच्या देवळावरून जाताना त्यांनी गाडी थांबवायला सांगितली म्हणे. आत गेले. वाजवायला नाही, नुसते थरथर जाणवावी म्हणून पखवाजाला पाठ लावून बसले आणि वाजवणाऱ्या नव्या मुलाला म्हणाले, "डावं जरा बोंबलतंय तुझं."

पुढे माझी कात्रजला बदली झाली आणि मी तिकडेच घर घेतलं. निघायच्या सकाळी वाटी परत करायला खाली गेले. आत आईने पाठवलेलं तिळाचं कूट भरलं होतं. काकूंनी दार उघडलं. "काय?" मी काही बोलायच्या आत माझे डोळे भरून आले. "रडायचं असेल तर बाजूला सरक," काकू म्हणाल्या, "भात उघडा आहे." वाटी घेतली, पाहिली, रिकामी करून त्यात काहीतरी भरून पुन्हा माझ्याच हातात दिली. "आता कात्रजहून परत आणून दे. धुऊन."

मी टेम्पोत सामानापाशी बसले होते तेव्हा ती लाल गाडी गल्लीत निघाली. डिकीत पातेलं. मागच्या सीटवर गवसणीतला पखवाज, त्याला बेल्ट बांधलेला. पुढे नाना, डावा तळहात डॅशबोर्डवर. आणि गाडी अशी घुमत होती की आमच्या टेम्पोची ताडपत्री थरथरली. दुसऱ्या मजल्यावरून मंडळाचा अध्यक्ष दात घासता घासता गॅलरीत आला आणि ओरडला, "काकू, आवाज कमी करा जरा!"

काकूंनी गल्लीच्या मधोमध गाडी थांबवली, काच खाली केली आणि उलथनं बाहेर काढून कानामागे हात धरला.

"काय? ऐकू येत नाही हो आम्हाला!"